पॉलिशच्या आधी रंगावर रुतलेली घाण काढायची कशी? (पांढरी गाडी, रुळांलगत पार्किंग)

ठाकुर्लीकर
नमस्कार मंडळी. पांढरी हॅचबॅक आहे, चार वर्षं जुनी, पार्किंग उघड्यावर आणि सोसायटीच्या भिंतीपलीकडे लगेच रेल्वेचे रूळ. पावसाळा संपल्यापासून टप, बॉनेट आणि डिकीवर बारीक नारिंगी ठिपके दिसायला लागलेत, सुईच्या टोकाएवढे. शॅम्पूने दोनदा धुतली तरी हलत नाहीत आणि ओल्या गाडीवर हात फिरवला की खरखरीत लागतं. शिवाय दारांच्या खालच्या भागात आणि मागच्या चाकाच्या मागे डांबराचे काळे शिंतोडे आहेत, कारण आमच्याकडे रस्त्याचं काम चालू होतं. जवळचा डेंटिंग-पेंटिंगवाला म्हणतो मशीनने रबिंग मारून देतो, सगळं साफ होईल, वर पॉलिश करून देतो. पॉलिश मला करायचंच आहे पण हे असं खरखरीत असताना वरून मशीन फिरवणं बरोबर आहे का? की आधी काही वेगळं करावं लागतं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

रंगारी_पुणे
ठाकुर्लीकर, मशीन आत्ता अजिबात लावू देऊ नका. वर्णनावरून ते ठिपके म्हणजे गंजलेले लोखंडाचे कण आहेत. ट्रेन ब्रेक मारते, चाक रुळावर घासतं, त्यातून लोखंडाची भुकटी उडते, कण गरम आणि धारदार असतात आणि उघड्या गाडीच्या आडव्या भागांवर येऊन बसतात, म्हणून तर तुम्हाला टप आणि बॉनेटवर जास्त दिसतायत आणि दारांवर कमी. नंतर पाऊस आणि दमट हवा मिळाली की कण गंजतो, गंजताना फुगतो आणि क्लिअर कोटमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) आणखी घट्ट बसतो. पांढऱ्यावर नारिंगी दिसतो, काळ्या किंवा ग्रे गाडीवर दिसत नाही पण असतोच. आणि रुळालगत न राहणाऱ्यांनीही हे वाचा, कारण डिस्क ब्रेकमधून हीच भुकटी निघते, आपल्या चाकांवर आणि मागच्या बंपरवर ती आपल्याच गाडीची असते.

आता रबिंग का नको. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो, त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला तर बघा किती पातळ आहे. ऊन आणि पावसापासून खालच्या रंगाला वाचवणारं जे काही आहे ते एवढंच. मशीन फिरायला लागलं की वरवरचे कण उखडतात, पॅडमध्ये अडकतात आणि पॅड मिनिटाला हजारो वेळा त्यांना तुमच्या रंगावर फिरवतो. नवीन ओरखडे तिथेच पडतात. जे कण खोल रुतलेत त्यांचं फक्त डोकं कापलं जातं, मूळ आत राहतं, वर मेण किंवा कोटिंग लागतं आणि पुढच्या पावसाळ्यात खालून परत नारिंगी. म्हणजे क्लिअर कोटही गेला आणि ठिपकाही राहिला.

म्हणून आधी धुणं, मग रसायनाने जे विरघळतं ते विरघळवणं, उरलेल्यासाठीच क्ले (रुतलेले कण ओढून काढणारी मऊ, मळता येणारी वडी), आणि मशीन सगळ्यात शेवटी. रसायनाने जितकं जास्त निघेल तितकं क्लेला घासावं कमी लागतं आणि क्ले जितका कमी घासला तितकं मशीनला काम कमी. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर येतं की रंगावर घासणं कमीत कमी ठेवायचं.

तुमच्या गाडीसाठी असं करा. सावलीत, पॅनल हाताला गार लागत असताना (सकाळी लवकर किंवा चार-पाच नंतर). आधी नुसत्या पाण्याने भरपूर धुवा, माती सगळी खाली जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पू आणि एकीत साधं पाणी, मायक्रोफायबर मिट (धुण्याचा हातमोजा) प्रत्येक पॅनलनंतर साध्या पाण्यात झटकून मगच शॅम्पूत बुडवायचा. वरून खाली, दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी कारण सगळी वाळू तिथे असते. चाकांना वेगळा मिट, तो बॉडीला लावायचा नाही. त्यानंतर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं फवारायचं रसायन. बाजारात चारपाच ब्रँडचे मिळतात, सोनॅक्सचा आहे, आपल्याकडचेही आहेत, ५०० मिलीत हॅचबॅक आरामात होते. एकेका बाजूला फवारायचं, तीनचार मिनिटं थांबायचं, जांभळे ओघळ यायला लागतील, वाळू द्यायचं नाही आणि भरपूर पाण्याने धुवायचं. डांबराचं त्यानंतर, त्याला टार रिमूव्हर. मग परत एकदा शॅम्पू. आणि मग क्ले. क्लेवर वेगळं लिहितो कारण त्यात लोक फार घाई करतात.

मीनल७९
चांगला धागा. मी कोटिंगच्याच क्षेत्रात काम करते म्हणून रसायनाचं थोडं लिहिते, रंगारींनी लिहिलंय ते बरोबरच आहे.

आयर्न रिमूव्हरमध्ये मुख्य काम करणारा पदार्थ बहुतेक वेळा अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असतो. पार्लरमध्ये केस कुरळे करण्याच्या लोशनमध्येही हेच कुळ असतं, वासही तसाच, सडलेल्या अंड्यासारखा, कारण त्यात गंधक आहे. हा पदार्थ गंजातल्या लोखंडाला पकडून पाण्यात विरघळणारं संयुग तयार करतो आणि त्याच संयुगाचा रंग जांभळा असतो. म्हणजे जांभळं दिसलं की तिथे लोखंड होतं आणि ते सुटतंय. चांगली गोष्ट अशी की यातले बरेचसे साधारण न्यूट्रल पीएचचे (ना आम्ल, ना अल्कली) असतात, त्यामुळे क्लिअर कोटला, काचेला, रबराला त्रास होत नाही, पण उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळले तर डाग सोडतात. ब्रेक आणि चाकं गरम असताना तर नकोच. हातात नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घाला, बंद बेसमेंटमध्ये करू नका, फवारा वाऱ्याने आपल्याच अंगावर येईल असं उभं राहून फवारू नका.

एक मनापासून विनंती. गंज जातो म्हणून कोणी टॉयलेट क्लीनर लावायला सांगितलं तर लावू नका. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते ठिपका घालवेलही पण क्रोमच्या पट्ट्या, ॲल्युमिनियमचे भाग आणि जिथे कुठे रंग उडून पत्रा उघडा पडलाय तिथे कायमचं नुकसान करतं, आणि फटीत गेलेलं आम्ल नीट धुतलं जात नाही, ते आत काम करत राहतं.

काळी_सेडान
माझी गाडी काळी आहे, आणि काळ्या गाडीला क्ले केल्यावर सगळीकडे पुसट धुरकट रेघा दिसतात असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय म्हणून मी अजून हात लावला नाहीये. क्ले मुळात ओरखडे पाडतो का? आणि मग करायचा कशाला? माझ्याकडे आता गरज आहे हे मला कसं कळेल?

रंगारी_पुणे
गरज आहे का ते आधी. गाडी धुऊन पॅनल ओलं असतानाच हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, साधी भाजीची चालते, आणि बोटांची टोकं अगदी हलकी फिरवा. उघड्या हाताला जे गुळगुळीत वाटत होतं तिथे पिशवीतून खसखस लागली तर रंगावर काहीतरी चिकटलंय. गुळगुळीत लागलं तर क्ले करू नका, पैसे आणि रंग दोन्ही वाचवा. या चाचणीत ओरखडे कळत नाहीत हे लक्षात घ्या, त्यासाठी रात्री मोबाईलचा टॉर्च तिरका मारून बघायचं.

क्ले ओरखडे पाडतो का, तर हो, थोडे पाडतो. क्ले बार जपानमधून आला, तादाओ कोदाते यांच्या नावावर त्याचं १९९५ चं अमेरिकन पेटंट आहे आणि त्यातसुद्धा तो घासायचं साधन म्हणूनच मांडलाय, मऊ प्लास्टिकसारख्या पदार्थात अगदी बारीक अपघर्षक कण मिसळलेले. वर आलेला कण तो कापून किंवा ओढून आपल्यात घेतो. मऊ क्लिअर कोटच्या काळ्या गाडीवर त्याच्या रेघा दिसतात, पांढरीवर असूनही दिसत नाहीत. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की मागून पॉलिश करणार असाल तरच पूर्ण गाडीला क्ले करा, दर महिन्याला क्ले फिरवणं हा रंगावरचा अन्याय आहे. तुम्ही पॉलिश करणार नसाल तर आयर्न रिमूव्हर आणि टार रिमूव्हरवर थांबा, बहुतेक खरखर तेवढ्यानेच जाते.

आता कृती. फाइन ग्रेड घ्या. कुठल्या कंपनीचा निळा फाइन असतो तर कुठल्या कंपनीचा दुसराच कुठला तरी रंग, त्यामुळे रंग बघून घेऊ नका, पाकिटावर वाचा. मीडियम आणि हेवी ग्रेड फक्त ओव्हरस्प्रे (दुसरीकडून उडून बसलेला रंगाचा फवारा) वगैरे असेल तर. पूर्ण वडी वापरायची नाही, ५० ग्रॅमचा तुकडा तोडा, कोमट पाण्यात ठेवून कणकेसारखा मळून चपटा करा, तीन बोटांखाली मावेल एवढा. पॅनलवर क्लेचा लुब्रिकंट किंवा शॅम्पूचं घट्टसर पाणी भरपूर, इतकं की क्ले तरंगला पाहिजे. दोन बाय दोन फुटाचा भाग घ्या, सरळ रेषेत मागे-पुढे, गोल गोल नाही, दाब फक्त बोटांच्या वजनाचा. सुरुवातीला ओढल्यासारखा आवाज येतो, मग तो बंद होऊन क्ले गुळगुळीत सरकायला लागतो, तिथे थांबायचं. क्ले उलटून बघा, तपकिरी ठिपके दिसतील, आत दुमडून स्वच्छ बाजू वर आणा. हे दुमडणं जितक्या वेळा कराल तितकं चांगलं. आणि जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या, कितीही नवा असला तरी, धुऊन त्यातली वाळू निघत नाही. म्हणूनच तुकडे करून घ्यायचे.

क्ले मिट आणि क्ले टॉवेल मिळतात, त्यांच्यावर रबरासारखा थर असतो, पडला तर धुता येतो आणि काम निम्म्या वेळात होतं. मोठ्या एसयूव्हीला मी तेच वापरतो. पण कण आतमध्ये दुमडायची सोय त्यात नाही, म्हणून दर पॅनलला बादलीत धुवावा लागतो आणि नव्या मिटचा पहिला वापर काचेवर करायचा, त्याचा कडकपणा मोडतो.

पंचगंगाकाठ
कोल्हापूरकडचं लिहितो. आमच्या इथे शिरोली एमआयडीसीत फाउंड्री भरपूर आहेत, तिथे नोकरीला असणाऱ्यांच्या गाड्या रोज दिवसभर आवारात उभ्या राहतात, त्यांच्यावर ठाकुर्लीकरांसारखंच लोखंड सापडतं, रूळ जवळ नसले तरी. अशा गाडीला आयर्न रिमूव्हर पहिल्या फेरीत पुरत नाही, धुऊन परत एकदा मारावा लागतो, दुसऱ्या फेरीत जांभळं बरंच कमी दिसतं.

पण साखरेच्या गाळप हंगामात एक वेगळीच घाण असते तिच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. कारखान्याच्या चिमणीतून बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख उडते आणि फडात पाचट जाळलं की काळी काजळी, सकाळी गाडीवर काळे काळे पापुद्रे पडलेले असतात. ही चिकटत नाही, नुसती बसलेली असते. लोक काय करतात, कोरडं फडकं घेऊन पुसतात. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, तुम्ही सॅंडपेपर मारताय. आधी पाणी सोडा, ती आपोआप वाहून जाते, क्ले नाही लागत, आयर्न रिमूव्हरचा तर काहीच उपयोग नाही. घाण कुठली आहे ते ओळखलं की निम्मं काम झालं असं मला वाटतं. आमच्याकडची पोरं सगळ्याला एकच बाटली मारतात आणि वर म्हणतात फरक पडत नाही.

आंबेवाला_लांजा
पंचगंगाकाठ, अगदी. घाण ओळखण्यावरून आमच्याकडचं सांगतो. मोहोर असताना गाडी आंब्याखाली लावली की दोन दिवसात सगळी चिकट होते, लोकांना वाटतं झाडाचा चीक आहे आणि मग पेट्रोल लावून पुसतात. तो चीक नसतो, मोहोरावरचे तुडतुडे गोड चिकट स्राव सोडतात तो असतो, साखरच ती, कोमट पाण्याने आणि शॅम्पूने भिजवला की सुटतो. ठेवला तर त्याच्यावर काळी बुरशी धरते आणि मग मात्र अवघड. खरा चीक म्हणजे आंब्याच्या देठाचा किंवा फणसाचा, तो वेगळा, तो वाळला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने (स्पिरीटसारखंच असतं) थोडा थोडा भिजवून काढावा लागतो, घासायचा नाही.

जूनमध्ये जांभळाखाली गाडी लावू नका एवढंच सांगेन, कारण फळाचे डाग आणि ती खाऊन गेलेल्या पाखरांची विष्ठा दोन्ही एकदम.

मीनल७९
पाखरांच्या विष्ठेबद्दल एक महत्त्वाचं. सगळे म्हणतात आम्लामुळे खड्डा पडतो, ते काही अंशी खरं आहे, पण आपल्याकडच्या उन्हात दुसरं कारणही मोठं आहे. तापलेला क्लिअर कोट थोडा मऊ होतो आणि पसरतो, संध्याकाळी गार होऊन आकसतो, आणि त्याच वेळी वर वाळून घट्ट झालेल्या विष्ठेच्या खडबडीत पृष्ठाभोवती तो बसतो, त्यामुळे त्याचा ठसा उमटतो आणि तिथली चमक जाते. हा ठसा म्हणजे घाण नाही, क्लिअर कोटचा आकारच बदललेला असतो, तो क्लेने किंवा कुठल्याही रसायनाने जाणार नाही, तिथे पॉलिशच लागतं आणि खोल असेल तर पॉलिशनेही नाही. म्हणून ताजी असतानाच ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवून मऊ करायची आणि उचलून घ्यायची, पुसायची नाही.

बोअरच्या पाण्याच्या डागांचंही असंच दोन प्रकारचं असतं. पहिल्या प्रकारात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा क्षार वर बसलेला असतो, हाताला लागतो. त्यावर साधं पांढरं व्हिनेगर सम प्रमाणात पाणी मिसळून फडकं भिजवून दोनतीन मिनिटं ठेवा, क्षार विरघळतो, मग लगेच शॅम्पूने धुवा. दुसऱ्यात क्षाराने खाली कडा कोरलेल्या असतात, गोल रिंग दिसते पण हाताला काही लागत नाही, त्याला परत पॉलिशच.

बावधनकर
पाण्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो, आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं मिक्स पाणी आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर ९०० च्या वर दाखवतो, आणि पाईप लावून गाडी धुवायला बंदी आहे, जे बरोबरच आहे. काही जण आरओचं वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुतात, पाणी वाचतं म्हणून. या परिस्थितीत हे सगळं करायचं कसं? आयर्न रिमूव्हर नंतर भरपूर पाण्याने धुवा असं रंगारींनी लिहिलंय, तेवढं पाणी आहेच कुठे?

रंगारी_पुणे
बावधनकर, आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला, टॉयलेटला वापरा, गाडीला शेवटच्या धुण्यासाठी नको. मेम्ब्रेनने अडवलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, म्हणजे तुमच्या ९०० पेक्षाही जास्त. पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत ठीक मानतात त्यावरून अंदाज करा. त्याउलट एसीच्या पाईपमधून टपकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात, उन्हाळ्यात बादलीभर सहज साठतं, ते जाळीच्या फडक्यातून गाळून शेवटचं पाणी म्हणून वापरा, डाग पडणार नाहीत.

कमी पाण्यात करायचं तर पाच लिटरचा हाताने हवा भरायचा नवा फवारणी पंप घ्या (औषध मारलेला जुना नको). त्याने धार नियंत्रित राहते, एका पॅनलचा आयर्न रिमूव्हर लिटर-दीड लिटरमध्ये धुतला जातो. पूर्ण गाडीला एकदम न लावता एकेक पॅनल पूर्ण करत जायचं, लावलं, थांबलो, धुतलं, ओल्या मायक्रोफायबरने टिपलं, पुढचं. रिन्सलेस वॉश मिळतो, झाकणभर बादलीत टाकला की तेच पाणी क्लेचा लुब्रिकंट म्हणूनही चालतं आणि नंतर धुवावं लागत नाही. मात्र मातीने भरलेल्या गाडीला रिन्सलेस थेट लावू नका, आधी पंपाने माती खाली उतरवा.

आणि सोसायटीत सकाळी एका बादलीत आणि एका फडक्यात सगळ्या गाड्या पुसून जातात ते काका कष्टाळू असतात, त्यांचा दोष नाही, पण पाचव्या गाडीपर्यंत त्या फडक्यात चार गाड्यांची वाळू असते. त्यांना स्वतःचे दोन मायक्रोफायबर नेऊन द्या, आणि रोज पुसायचं नाही, आठवड्याला एकदा पाणी मारून धुवा, पैसे तेवढेच देतो असं सांगा. पॉलिशवर खर्च करून रोज कोरडं पुसून घ्यायचं असेल तर पॉलिश करूच नका.

मुक्काम_श्टुटगार्ट
इकडे जर्मनीत बऱ्याच गावांत घरासमोर शॅम्पू लावून गाडी धुवायला बंदी आहे, पाणी थेट जमिनीत किंवा पावसाच्या गटारात जायला नको म्हणून. म्हणून आम्ही सेल्फ सर्व्हिस वॉश बॉक्समध्ये जातो, तिथल्या गटाराला तेल वेगळं काढायची सोय असते. काही ठिकाणी स्वतःची रसायनं आणि बादली वापरू देत नाहीत, विचारून घ्यावं लागतं. आपल्याकडे असा नियम नसला तरी टार रिमूव्हरचं पाणी झाडांच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ जाऊ देऊ नये असं मला फार वाटतं, ते सॉल्व्हंट आहे.

एक शंका. मी इकडच्या लोकांचं बघून टार रिमूव्हर आधी आणि आयर्न रिमूव्हर नंतर मारतो. कारण डांबराच्या खाली लोखंड दडलेलं असू शकतं आणि पाण्यातलं रसायन डांबरातून आत जाणार नाही. रंगारींनी उलटं लिहिलंय.

रंगारी_पुणे
तुमचं तर्क म्हणून बरोबर आहे आणि ज्या गाडीवर डांबर जास्त आहे तिथे मीही आधी टारच काढतो. ठाकुर्लीकरांचं डांबर फक्त खालच्या पट्ट्यात आहे आणि लोखंड वरच्या आडव्या भागांवर, दोघांची गाठच पडत नाही म्हणून क्रमाने फरक पडणार नाही. पण क्लेच्या आधी टार रिमूव्हर पूर्ण धुतलेला पाहिजे यावर तडजोड नाही, सॉल्व्हंटचा अंश राहिला तर क्ले चिकट होऊन विरघळतो आणि रंगावर फासला जातो.

पंचगंगाकाठ
टार रिमूव्हर नसेल तर रॉकेल चालतं का? आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच.

मीनल७९
डांबर रॉकेलमध्ये विरघळतं हे खरं आहे, पण ते तेलकट थर सोडतं आणि दाराच्या रबराला, प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्यांना सतत लागत राहिलं तर रबर फुगतं. पेट्रोल नकोच, आगीचा धोका आहे आणि ताज्या रीपेंटवर रंग मऊ करू शकतं. घरात काहीच नसेल तर खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, डांबर मऊ पडतं, मग मऊ फडक्याने उचला आणि तेल शॅम्पूने दोनदा धुवा. वेळ लागतो पण सुरक्षित आहे. शिंतोडे दोनचार असतील तर माझी पसंती यालाच.

ठाकुर्लीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी केलं. आयर्न रिमूव्हर मारल्यावर टपावरून जांभळे ओघळ उतरायला लागले तेव्हा बायको आणि शेजारचे काका दोघंही बघायला खाली आले, इतकं लोखंड होतं. दुसऱ्या फेरीला निम्म्याहून कमी. टार रिमूव्हरने दारांचा खालचा भाग पूर्ण साफ झाला. नंतर पिशवीची चाचणी केली तर दारं अगदी गुळगुळीत होती म्हणून तिथे क्ले केलाच नाही, फक्त टप, बॉनेट, डिकीला केला. ओढल्याचा आवाज बंद होतो ते बरोबर कळलं. आता चारपाच ठिकाणी ठिपका गेलाय पण तिथे पिवळसर सावली आणि बारीक खड्ड्यासारखं दिसतंय, आयर्न रिमूव्हर परत मारला तर जांभळं होत नाही. आणि पॉलिशच्या आधी अजून काही करायचं राहतं का?

रंगारी_पुणे
फार छान केलंत, दारांना क्ले टाळलात ते सगळ्यात छान. जांभळं होत नाही म्हणजे तिथे गंज उरलेला नाही, कणाने केलेली जागा उरली आहे. पॉलिशने तिची कड थोडी गुळगुळीत होईल आणि सावली बरीच फिकी होईल, पूर्ण घालवायच्या मागे लागू नका, त्या एका ठिपक्यासाठी आसपासचा क्लिअर कोट खाली आणावा लागतो आणि तो परत येत नाही.

पॉलिशच्या आधी गाडी धुऊन कोरडी करा, आरशांच्या आणि हँडलच्या फटीतलं पाणी फुंकून काढा कारण तेच मशीनखाली घाण घेऊन बाहेर येतं. कडा, बॉडी लाईन, लोगो यांच्यावर मास्किंग टेप लावा, कडांवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो. मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकं पुसून घ्या म्हणजे लुब्रिकंटचा थर जाईल आणि खरे ओरखडे दिसतील. सुरुवात सगळ्यात मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने, दोन फुटाच्या एका तुकड्यावर करून बघा, तेवढ्याने समाधान झालं तर कंपाऊंडला (जास्त घासणाऱ्या भरड पॉलिशला) हात लावू नका. ज्यांच्याकडे देणार त्यांना पेंट थिकनेस गेज (रंगाच्या थराची जाडी मोजायचं यंत्र) आहे का विचारा, टपाचं आणि बॉनेटचं माप तुमच्यासमोर घ्यायला सांगा. आधी कधी रीपेंट झालं असेल तर आकडा एकदम जास्त येतो, तिथे फिलर (खड्डा भरायची लांबी) असू शकतं.

नवीन_गाडी_नाशिक
मी पुढच्या महिन्यात नवी गाडी घेतोय. नव्या गाडीला यातलं काही लागतं का? डिलिव्हरीच्या दिवशीच कोटिंग करून घेतोय.

रंगारी_पुणे
लागू शकतं. आपल्याकडे बऱ्याच नव्या गाड्या मालगाडीने येतात आणि नंतर स्टॉकयार्डात उघड्यावर उभ्या असतात. कोटिंगच्या आधी पिशवीची चाचणी स्वतः करा. खरखर लागली तर आधी आयर्न रिमूव्हर मारायला सांगा, नाहीतर ते लोखंड कोटिंगच्या खाली बंद होतं. खरखर नसेल तर क्ले करू देऊ नका, पॅकेजमध्ये आहे म्हणून केला असं व्हायला नको. आणि मॅट फिनिश घेत असाल तर क्ले आणि पॉलिश दोन्ही वर्ज्य, मॅटचा खडबडीतपणा घासला गेला की तिथे कायमची चकाकी येते.

काळी_सेडान
सगळं वाचून मी फक्त रसायनांवर थांबायचं ठरवलंय, पॉलिश पुढच्या वर्षी. एकच राहिलं, पुढची काच. वायपर फिरला की कर्रर्र आवाज येतो आणि पावसात एक धुरकट पट्टा राहतो. काचेला क्ले चालतो का?

रंगारी_पुणे
चालतो, आणि काचेवर तर मला सगळ्यात जास्त फरक दिसतो. काच क्लिअर कोटपेक्षा खूप कडक आहे, फाइन क्लेने रेघा पडायची भीती नाही, वाळू मात्र आधी धुतलेली हवी. आयर्न रिमूव्हर, मग क्ले, मग अल्कोहोलने पुसणं. वायपरचं रबर ओल्या फडक्याने काळं निघायचं थांबेपर्यंत पुसा, कडेला चिरा असतील तर बदला, कारण साफ काचेवरही चिरलेलं रबर आवाज करतंच. हेडलाईटवर क्ले फिरवायचा असेल तर अगदी हलका हात, ते पॉलिकार्बोनेट आहे आणि वरचा संरक्षक थर गेला की ते पिवळं पडायला लागतं. काचेवर वापरलेला क्लेचा तुकडा (मिटसारखा तो धुता येत नाही) वेगळ्या डबीत ठेवा, डबीवर मार्करने लिहा आणि तो रंगाला परत लावू नका.